शिरोरेषा तुटते, अक्षराचे पोट गळते: धातूच्या पाटीची फाईल मशीनवर चढवण्याआधीच्या तपासण्या

लेझर, प्लाझ्मा किंवा राउटरवरून (फिरत्या कटरने कापणारे मशीन) पाटी उतरते आणि खालीलपैकी काहीतरी दिसते:

- शिरोरेषा सलग नाही. दोन अक्षरांच्या प्रत्येक सांध्यावर उभी चीर आहे, किंवा शब्दातली अक्षरे सुटी होऊन हातात येतात.
- काना किंवा वेलांटी अक्षराला जिथे चिकटते तिथे बारीक चौकोनी भोक पडले आहे.
- प, स, व यांची पोटे गळून गेली आहेत, अनुस्वार बेडच्या पट्ट्यांमधून खाली पडला आहे.
- दोन फूट लांबीची पाटी जेमतेम इंचभराची होऊन आली आहे, किंवा ऑपरेटर म्हणतो की ती बेडवर मावतच नाही.
- भोवतालची किनार गायब आहे, तिच्या जागी एकच बारीक रेघ कापली गेली आहे.
- मशीन एकाच रेघेवरून दोनदा फिरले आहे आणि कड जळाली आहे.
- गोलाईवर मशीन अडखळते, वळणे पैलू पाडल्यासारखी दिसतात.
- मशीन फाईलच घेत नाही. ऑपरेटरचा निरोप येतो, "कंटूर ओपन आहे."

लक्षणे आठ असली तरी बहुतेक वेळा मूळ एकच असते. आपण पडद्यावर रंग बघतो, मशीनला फक्त रेघा दिसतात. काळ्या रंगात दोन अक्षरे एकमेकांवर चढली तर आपल्याला एक सलग शब्द दिसतो. मशीनच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बंद आकृत्या असतात आणि ते दोन्हींच्या कडा इमानदारीने कापते. रोमन लिपीत अक्षरे सुटी असल्याने ही चूक फारशी उघडी पडत नाही. देवनागरीत प्रत्येक शब्द शिरोरेषेने जोडलेला असतो, म्हणून ती प्रत्येक शब्दात उघडी पडते. गोव्यात पाटीवर बहुधा दोन्ही लिप्या असतात आणि वरची रोमन ओळ व्यवस्थित कापली गेल्यामुळे "फाईल बरोबर आहे, मशीनच बिघडलंय" असा समज होतो. चवथीच्या आधी किंवा जत्रेच्या तोंडावर, हातात दोन दिवस असताना, हा समज महागात पडतो. पितळेची शीट फुकट मिळत नाही.

खालच्या तपासण्या फुकटच्या आधी आणि खर्चाच्या नंतर अशा क्रमाने आहेत. मधली एखादी गाळून पुढे जाऊ नका. पुढच्या तपासणीचा निकाल मागचीवर अवलंबून असतो.

आधी बिघडलेला तुकडा बघा

दुसरा तुकडा कापायला लावू नका. पहिला हातात घ्या. तीच फाईल आधी कधी कापली असेल तर तोही तुकडा किंवा त्याचा फोटो मागवा. दोन्हींत दोष अगदी त्याच जागी असेल तर फाईल बघा. दोष जागा बदलत असेल, एकदा डावीकडची कड खराब आणि एकदा उजवीकडची, तर फाईलला हात लावू नका, तो मशीनचा प्रश्न आहे. पावसाळ्यात हा फरक विशेष ध्यानात ठेवायचा. प्लाझ्माला लागणाऱ्या दाबाच्या हवेत आपल्याकडच्या दमटपणामुळे पाणी राहिले की कड खडबडीत होते आणि टॉर्चचे इलेक्ट्रोड, नोझल लवकर झिजतात. अशी कड बघून लोक तासन्‌तास नोड (रेघेवरचे बिंदू) साफ करत बसतात. कडेला चिकटलेला वितळलेला लोखंडाचा थर फाईलमुळे आलेला नसतो. शिरोरेषेवरची स्वच्छ, सरळ, नेमकी चीर मात्र फाईलमुळेच येते.

वायरफ्रेममध्ये बघा

एकच तपासणी करायची झाली तर ही करा. कोरलड्रॉमध्ये व्ह्यू मेनूत वायरफ्रेम, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय, इंकस्केपमध्ये डिस्प्ले मोडखाली आउटलाइन. रंग निघून जातात आणि मशीनला जे दिसते तेच तुम्हाला दिसते.

आता शब्द मोठा करून शिरोरेषेवरून डावीकडून उजवीकडे सरकत जा. शिरोरेषेच्या आत एकही उभी रेघ दिसता कामा नये. दिसली तर तिथे पत्रा कापला जाणार. मग प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, रफार बघा. अक्षराला जोडलेल्या जागी रेघा एकमेकांना छेदत असतील तर तिथे भोक पडणार किंवा तुकडा सुटणार.

याच दृश्यात आणखी एक गोष्ट सापडते आणि ती फार वेळा सापडते: पांढऱ्या रंगाने झाकलेले आकार. डिझायनरला अक्षराचा एक कोपरा नको होता, म्हणून त्याने वर पांढरा चौकोन ठेवून दिला. फ्लेक्स छापताना हे चालते, कारण छपाईत पांढरा म्हणजे कोरा. पत्र्यावर तो कोपरा कापला जातो आणि वर तो चौकोनही कापला जातो. पॉवरक्लिपच्या (कोरलमधल्या झाकणाऱ्या चौकटीच्या) आत दडलेले चित्र, सावलीचा इफेक्ट, लपवलेला लेयर, ग्राहकाच्या जुन्या डिझाइनमधला फोन नंबर, हे सगळे इथेच उघडे पडते. नको असेल ते पुसून टाका. लपवून ठेवण्यावर विसंबू नका. काही एक्स्पोर्ट लपवलेला लेयरही सोबत नेतात.

माप: कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन

डीएक्सएफच्या, म्हणजे मशीनला रेघा पोचवणाऱ्या फाईलच्या, जुन्या आवृत्त्यांत एककाची नोंदच नसते, फाईलमधून नुसता आकडा जातो. तुम्ही ६०० मिमी म्हणून पाठवता, तिकडे तो ६०० इंच म्हणून उघडतो. किंवा तुमचे २३.६ इंच तिकडे २३.६ मिमी होतात. म्हणून फाईलच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमी बाजूचा एक चौकोन वेगळ्या लेयरवर ठेवा आणि ऑपरेटरला सांगा, "हा मोजा, १०० आला तरच कापा, आणि कापण्याआधी हा काढून टाका."

माप चुकले तर गुणोत्तरावरून चूक ओळखता येते. २५.४ पट फरक असेल तर इंच आणि मिमी यांची अदलाबदल झाली. सुमारे २.८३ पट असेल तर पॉइंट हे मिमी म्हणून वाचले गेले. इलस्ट्रेटर इंचाला ७२ पॉइंट धरतो आणि ७२ भागिले २५.४ म्हणजे तेवढेच होतात. फाईल इंकस्केपच्या जुन्या आवृत्तीतली असेल आणि फरक सहा-सात टक्क्यांचा असेल तर ९० आणि ९६ डीपीआयचा घोळ आहे, ०.९२ आवृत्तीपासून इंकस्केप ९६ धरतो. बरोबर दहापट असेल तर कुणीतरी मोठा फलक १:१० मापात काढला आहे. हा सहा-सात टक्क्यांचा फरक सर्वांत घातक, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. पाटी भिंतीवर चढवताना आधी पाडलेल्या भोकांशी स्टड (पाटी भिंतीत बसवणारे खुंट) जुळत नाहीत तेव्हा तो कळतो.

अक्षरे कर्व्ह केली आहेत का, आणि कर्व्ह केल्यावर वाचली आहेत का

फॉन्ट जिवंत ठेवून, म्हणजे अक्षरांचे नुसत्या आकारांत रूपांतर (कर्व्ह) न करता, फाईल पाठवली की समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसतो आणि भलताच बसतो. आपल्याकडे अजून जुने बिगर-युनिकोड मराठी फॉन्ट खूप वापरात आहेत. त्या फाईली दुसरीकडे उघडल्या तर रोमन अक्षरांची नुसती रांग दिसते. युनिकोड असला तरी जुन्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षर फुटून पायमोडके होते. आणखी एक बारीक गोष्ट: मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाच्या ल, श पेक्षा वेगळे असतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि भाषा मराठी निवडली तरच मराठी रूप येते. संगणक बदलला की रूप बदलते.

म्हणून आपल्याच संगणकावर, अक्षरे बरोबर दिसत असताना, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करा. मूळ टंकलेली फाईल वेगळ्या नावाने जपून ठेवा, कारण कर्व्ह झालेले शुद्धलेखन पुन्हा टाइप करून सुधारता येत नाही. मग कागदावर छापा आणि ज्याच्या नावाची पाटी आहे त्याच्याकडून वाचून सही घ्या. देवस्थानचा फलक असेल तर समितीतल्या दोघांना वाचायला द्या. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर धातूवर तो खोडता येत नाही, आणि तो फलक पुढे कितीतरी वर्षे गावाच्या डोळ्यांसमोर राहणार असतो.

वेल्ड करा, कंबाइन नव्हे

तुटलेल्या शिरोरेषेचे खरे औषध हे. सर्वाधिक गोंधळही इथेच होतो, म्हणून सावकाश सांगतो.

फॉन्टमधले प्रत्येक अक्षर स्वतःच्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे शेजारच्या अक्षरावर थोडे चढलेले असतात. कागदावर फट दिसू नये म्हणून फॉन्ट करणाऱ्याने ते मुद्दाम चढवलेले असतात. कर्व्ह केल्यावर हे चढलेले भाग तसेच राहतात. अनेक जण मग सगळे निवडून कंट्रोल-एल, म्हणजे कंबाइन, दाबतात. कंबाइनमध्ये दोन आकार जिथे एकमेकांवर चढतात तिथे पोकळी तयार होते. काना चिकटण्याच्या जागी दिसणारे ते बारीक चौकोनी भोक इथून येते. आपल्याला हवे असते वेल्ड: दोन आकारांची बाहेरची कड एक करायची आणि आतल्या रेघा पुसायच्या.

कोरलमध्ये कर्व्ह केलेला शब्द एकच ऑब्जेक्ट होऊन बसलेला असतो. त्यावर नुसते वेल्ड दाबले तर पोकळ्या तशाच राहू शकतात. म्हणून हा क्रम ठेवा. कंट्रोल-के दाबून सगळे सुटे करा. आता प, व, स यांची पोटेही भरीव ठिपक्यांसारखी दिसतील. ती पोटे आधी निवडून लाल रंगात करा आणि बाजूच्या लेयरवर ठेवा. मग उरलेले बाहेरचे काळे आकार निवडून वेल्ड करा. शब्द एकसंध झाला की लाल पोटे आणि शब्द एकत्र निवडून आता कंट्रोल-एल दाबा. इथे कंबाइन चालते, कारण पोट पूर्णपणे अक्षराच्या आत आहे, कडेवर चढलेले नाही. इंकस्केपमध्ये हे सोपे आहे: ऑब्जेक्ट टू पाथ, अनग्रुप, मग युनियन. इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स आणि पाथफाइंडरमधले युनाइट. पुन्हा वायरफ्रेममध्ये जा आणि शिरोरेषेवरून परत सरकत जा.

एक जवळची वाट लोक काढतात आणि ती अडवायला हवी. अक्षरे जुळवत बसण्याऐवजी शब्दाच्या डोक्यावर एक लांब आयत ठेवून सगळे वेल्ड करतात. शिरोरेषा छान सरळ येते, पण भ, ध, थ यांच्या डोक्यावरची रेघ मुळात अखंड नसते. डाव्या बाजूला ती मोकळी असते आणि त्या मोकळ्या जागेवरच त्यांची ओळख टिकून आहे. वर आयत बसला की ती जागा बुजते आणि भ चा म होतो, ध चा घ होतो. ‘श्री भूमिका प्रसन्न’ लिहिलेल्या फलकावर ‘मूमिका’ वाचले जाते, ‘माधव निवास’चा ‘माघव’ होतो. डिझायनरच्या डोळ्यांना शब्द आधीच पाठ असतो, त्यामुळे त्याला हे दिसत नाही. आयत लावायचाच असेल तर या अक्षरांपाशी तो तोडा आणि मूळ फॉन्ट शेजारी ठेवून ताडून बघा.

किनार आणि जाड रेघा

कोरलमध्ये ३ मिमी जाडीची आउटलाइन देऊन काढलेली किनार डीएक्सएफमध्ये जाताना जाडी टाकून देते. जाते ती फक्त मधली रेघ. कंट्रोल-शिफ्ट-क्यू दाबून आउटलाइनचे ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करा म्हणजे तिला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतील. वेलबुट्टी, समईची ज्योत, ओमच्या भोवतालची वर्तुळे बहुधा अशीच नुसत्या आउटलाइनने काढलेली असतात. प्रत्येक आकार तपासा.

उघड्या आणि दुहेरी रेघा

बंद आकृती असेल तरच मशीनच्या सॉफ्टवेअरला आत आणि बाहेर कळते, आणि त्यावरून कापाची रुंदी कुठल्या बाजूला धरायची ते ठरते. केसाएवढी फट असली तरी आकृती उघडी. कोरलमध्ये जॉइन कर्व्ह्ज वापरून ०.१ मिमीसारखी छोटी मर्यादा देऊन जोडा. मर्यादा मोठी दिली तर ज्या टोकांना जुळायचे नाही तीही जुळतात. ऑटोकॅडमध्ये पेडिट या आज्ञेतले जॉइन आहे.

दुहेरी रेघ जास्त धोक्याची. पहिल्या फेरीत तुकडा सुटतो आणि कधी तिरका उभा राहतो. दुसऱ्या फेरीत लेझरचे डोके त्यावर आपटू शकते. म्हणजे नुकसान पत्र्याचे राहत नाही, मशीनचे होते. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल ही आज्ञा याच कामाची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर लेझरवर सायपकट हे सॉफ्टवेअर चालते, त्यातही एकावर एक आलेल्या रेघा काढण्याची आणि जवळची टोके जोडण्याची सोय आहे. ऑपरेटरला ती एकदा चालवायला सांगा, पण फाईल स्वच्छ करूनच पाठवा. त्याच्या रांगेत वीस कामे असतात.

पोटे, टिंबे आणि जिभा

इथे आधी ठरवायचे की पाटी कुठल्या जातीची आहे: अक्षरच धातूचे, की धातूच्या पत्र्यातून अक्षर कापून काढलेले? दोन्हींचे प्रश्न उलटे आहेत.

अक्षरच धातूचे असेल तर देवनागरी उपकारक आहे. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात उतरतो. सुटतात ती टिंबे: अनुस्वार, चंद्रबिंदू, विसर्ग. रोमन ओळीत आयवरचा ठिपका सुटतो, पोर्तुगीज वळणाच्या आडनावांत a वरची नागमोडी खूणही (ã) सुटते. हे गोव्यातल्या घरांच्या पाट्यांवर नेहमी येते आणि हमखास विसरले जाते. टिंबाला वेगळा स्टड लावून बसवायचे, किंवा शिरोरेषेशी बारीक मान देऊन जोडायचे, किंवा मागे पत्रा घ्यायचा. वेगळे बसवणार असाल तर १:१ मापाचा कागदी साचा छापून सोबत द्या, नाहीतर बसवणारा अनुस्वार अंदाजाने ठोकतो.

पत्र्यातून अक्षर कापून काढायचे असेल, म्हणजे मागून दिवा लावण्याचे फलक, तर पोटे गळतात. प, म, स, व, घ यांची पोटे चारी बाजूंनी बंद असतात. ब आणि ष यांची पोटे आतल्या तिरक्या रेघेमुळे दोन भागांत विभागलेली असतात, म्हणून तिथे दोन पूल, म्हणजे पोट पत्र्याला धरून ठेवणाऱ्या बारीक पट्ट्या, लागतात. पूल कुठे द्यायचा? माझे मत ठाम आहे: पोटाच्या बरोबर वर, शिरोरेषेतून. शिरोरेषेत थोडी फट राहिली तरी वाचणाऱ्याची नजर ती भरून घेते. प च्या गोलाईत फट पडली तर अक्षरच वेगळे वाटू लागते. फक्त भ-म, ध-घ या जोड्यांपाशी शिरोरेषेतल्या पुलाची जागा नीट निवडा, कारण तिथे फटीलाच अर्थ आहे. म च्या डाव्या खांद्यावर पूल दिलात तर तो भ कडे झुकतो.

पुलाची रुंदी लेझरवर पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी नको, प्लाझ्मावर दुप्पट तरी हवी. किनाऱ्याजवळच्या घराला त्याहून जास्त द्या. कोलवा, कळंगुट, हरमल अशा ठिकाणी खाऱ्या वाऱ्याने साधे लोखंड सर्वांत आधी या मानांवर आणि कापलेल्या कडांवर गंजते, कारण कडेवर रंग पातळ बसतो. ३०४ स्टेनलेसवरही तपकिरी डाग येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते खाऱ्या हवेत जास्त टिकते. फाईल उत्तम आणि धातू चुकीचा असे होऊ देऊ नका.

जिभांचा प्रश्न फारसा कुणी सांगत नाही. कापून काढलेल्या शब्दात दोन दंडांच्या मधला पत्रा वरून शिरोरेषेने कापला जातो आणि फक्त खालून जोडलेला राहतो. ‘राम’ लिहा: रा चा काना आणि म चा डावा भाग यांच्यामध्ये एक अरुंद उभी पट्टी उरते. उष्णतेने ती पुढे-मागे वाकते आणि मशीनच्या डोक्याला लागू शकते. अशा पट्टीला वरही छोटा पूल द्या किंवा अक्षरांमधले अंतर वाढवा.

टाकाऊ विनाइलवर कापून बघा

पाट्यांच्या दुकानात विनाइल कापायचा प्लॉटर असतोच. उरलेल्या तुकड्यावर तीच फाईल कापा आणि विनाइल सोला. शिरोरेषा तुटत असेल तर सोलतानाच हाताला कळते. पोट कुठे सुटते, टिंब कुठे राहते, दुहेरी रेघेमुळे कुठे पाती रुतते, सगळे तिथे दिसते. हा तुकडा ऑपरेटरकडे सोबत पाठवा. मडकईला, कुंडईला किंवा वेर्ण्याला जॉबवर्कला फाईल देता तेव्हा फोनवरच्या दहा वाक्यांपेक्षा तो तुकडा अधिक स्पष्ट बोलतो.

इथपर्यंत दोष सापडला असेल तर थांबा आणि कापा. पुढच्या तपासण्यांना वेळ आणि हात दोन्ही लागतात.

नोड आणि वळणे

फोनने काढलेल्या फोटोवरून ऑटो-ट्रेस केलेले चित्र हे अडखळणाऱ्या कापाचे नेहमीचे कारण. वर्तुळाला चार नोड पुरतात, ट्रेस केलेल्या वर्तुळाला शेकड्याने येतात. प्रत्येक नोडवर दिशा किंचित बदलते, मशीन वेग कमी करते, उष्णता साचते आणि कड जळते. शेप टूलने सगळे नोड निवडून कमी करा, पण अक्षराचे टोकदार कोपरे हाताने राखा. नोड कमी करण्याच्या स्लायडरला गाठ आणि धूळ यांतला फरक कळत नाही.

पैलू पडलेली गोलाई बहुधा एक्स्पोर्टमुळे येते. डीएक्सएफच्या आर-१२ आवृत्तीत स्प्लाइन (सलग वळणाची रेघ) हा प्रकारच नाही, म्हणून वळणांचे छोट्या सरळ रेघांत तुकडे होतात. नंतरच्या आवृत्त्यांत स्प्लाइन जाते, पण काही मशीनच्या कंट्रोलरला ती वाचता येत नाही. ऑपरेटरला आधी विचारा, "कुठल्या आवृत्तीची डीएक्सएफ पाहिजे?" हा एक प्रश्न दोन दिवस वाचवतो.

कापाची रुंदी

फायबर लेझरचा काप पातळ पत्र्यावर ०.१ ते ०.३ मिमीच्या आसपास असतो, प्लाझ्माचा दीड मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. ६ मिमी जाडीची शिरोरेषा प्लाझ्मावर भरपाई न धरता कापली तर दोन्ही बाजूंनी पाऊण मिलिमीटर जाऊन साडेचार उरते. ही भरपाई मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये धरतात. तुम्ही फाईलमध्येही कंटूर देऊन आकार फुगवला तर ती दोनदा धरली जाते आणि रेघ साडेसात मिमीची होते, जोडाक्षरांच्या फटी बुजतात. नियम एकच: फाईल नेमक्या मापाची द्या आणि तसे लिहून द्या.

राउटरचे गणित वेगळे. ३ मिमीच्या कटरने आतला कोपरा दीड मिलिमीटर त्रिज्येचा गोल होणारच. प्लाझ्मावर १०० मिमीपेक्षा लहान देवनागरी अक्षर मी सुचवत नाही. क्ष, ज्ञ, श्र यांच्या गाठी भरून जातात. लहान अक्षर हवेच असेल तर लेझरला जा, किंवा फॉन्ट बदला.

कुठे थांबायचे

दोष जागा बदलत असेल, कड एकाच बाजूने तिरकी येत असेल, ठिणग्या वरच्या बाजूला उडत असतील, तर तो सर्व्हिस इंजिनिअरचा विषय आहे. लेन्स, नोझल, गॅसचा दाब यांना हात लावू नका. फायबर लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि परावर्तित झालेलाही डोळा कायमचा निकामी करू शकतो. पितळ आणि तांबे तो किरण परत फेकतात. आपल्या मशीनवर ते कापावे की नाही हे ऑपरेटर ठरवील, ग्राहकाची घाई नव्हे.

जुन्या रंगाऱ्याच्या हातची अक्षरे, दगडावरचा लेख किंवा सुलेखन फोटोवरून आणायचे असेल आणि नोड साफ करूनही वळण बिघडत असेल, तर ट्रेस सोडून द्या. अक्षररचना जाणणाऱ्या माणसाकडून ते नव्याने रेखून घ्या. तासाभरात वळण जुळले नाही तर पुढच्या चार तासांतही जुळत नाही.

रस्त्याकडेला किंवा गच्चीवर उभा राहणारा मोठा फलक असेल तर पावसाळी वाऱ्याचा भार, खांब आणि पाया स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या, आणि पंचायत किंवा पालिकेची परवानगी आधी बघा. मागे दिवे असतील तर वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे.

यांपैकी कुणाकडेही जाताना चार गोष्टी सोबत न्या: कर्व्ह न केलेली मूळ फाईल, पाठवलेली डीएक्सएफ, बिघडलेला तुकडा आणि विनाइलचा नमुना. धातू, जाडी आणि मशीनचा प्रकार कागदावर लिहून त्या तुकड्याला चिकटवा.